न झिजलेलं कापड

गोधडीला ‘आर्ट’ म्हणणाऱ्या बायांची मला चीड येते. परवा एकीने फोन करून विचारलं, तुमच्या या क्विल्ट्समागची प्रेरणा काय? मी म्हटलं, लघवी. तिने फोन ठेवून दिला. पण मी खोटं काहीच बोलले नव्हते. माझी माय अंथरुणाला खिळली होती, दिवसातून चारदा तिच्या अंगाखालचं बदलावं लागायचं, आणि त्यासाठी घरातली एकूण एक चिंधी मला हवी होती. त्या चिंध्या एकमेकींना जोडता जोडता मी गोधडीपर्यंत पोचले. प्रेरणा वगैरे लोकांनी मागाहून चिकटवली.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव नागभीडपासून दोन कोसांवर. धानाच्या बांध्या संपल्या की आमची बौद्ध वस्ती, वस्तीत विहार, विहाराला लागून आमचं घर. बाप रेल्वेत गँगमन होता, तो मी लहान असतानाच गेला. माझं लग्न चार वर्षं टिकलं. नवऱ्याने मला टाकलं असं लोक म्हणत, मी त्याला टाकलं असं मी म्हणे, आणि खरं काय ते विचारायची कोणाची छाती नव्हती. माहेरी आले ती शिलाई मशीन घेऊनच. वस्तीतल्या पोलक्यांवर माझं पोट चालायचं.

माय हाताने वाकळी शिवायची. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आजूबाजूच्या गावांतल्या बाया जुनी लुगडी, फाटकी धोतरं घेऊन तिच्याकडे यायच्या. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले तरी तिचं शिवणं थांबलं नव्हतं. कापड बोटांत धरून कुरवाळायची आणि सांगायची, हे खांद्यावर झिजलंय, हे गुडघ्यावर. मला त्या सगळ्याचा कंटाळा होता. मी मशीनवाली. माय हाताने टाका घालत बसली की मी म्हणे, दोन महिन्यांत होतं ते मी दोन तासांत करते. ती म्हणायची, मंग कर ना. मी काही केलं नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माय उंबऱ्यावरून पडली आणि तिचा खुबा मोडला. नागभीडच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, या वयात हाड जुळत नाही, शिवाय छातीही कमजोर आहे, धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. हे शेवटचं वाक्य मात्र आमच्या नातेवाइकांनी असं लक्षात ठेवलं की जणू शिलालेखच.

माझा धाकटा भाऊ मास्तर होता. एटापल्लीच्या पलीकडे, गोंडांच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. एक खोली, एक फळा, आणि मराठी न कळणारी पोरं. तो त्यांना मराठी शिकवायचा आणि ती पोरं त्याला गोंडी. मी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, म्हणून तो मला बाई म्हणायचा. माय पडली तेव्हा सुट्टीत आला आणि दीड महिना तिचं सगळं त्यानेच केलं, अगदी खालचं-वरचंसुद्धा. मुलग्याने आईचं असलं करू नये म्हणून वस्तीतल्या दोघी-तिघींनी नाकं मुरडली. स्वतः मदतीला मात्र एकही आली नाही.

जाताना त्याने टेरिकॉटच्या दोन नव्या पँटी शिवून घेतल्या, एक तपकिरी आणि एक राखाडी, आणि एक पांढरा शर्ट. एकदा बसमध्ये त्याचा खिसा मारला गेला होता, म्हणून मायने पडल्या पडल्या, चाचपून चाचपून त्या शर्टाच्या खिशाला गुंडी लावून दिली. गुंडीला तिचा एक टाका ठरलेला होता, आडवा-उभा घालून वर तीन गाठी. दसऱ्याला हे कपडे घालून मी दीक्षाभूमीवर जाणार, असं तो म्हणाला.

दसऱ्याला तो आलाच नाही. ताप आला होता. गावकऱ्यांनी त्याला खाटेवर घालून एटापल्लीला आणलं, तिथून जीपने गडचिरोलीला. मलेरिया मेंदूत चढला होता. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी तो गेला. सव्वीस वर्षांचा होता.

निरोप आमच्याकडे आलाच नाही, तो वडशाच्या काकाकडे गेला. हा माझ्या बापाचा धाकटा भाऊ. तिथल्या एका राइस मिलमध्ये दिवाणजी, मिलमध्ये टेलिफोन, त्यामुळे घराण्याचा कारभार आपल्याच हातात आहे अशी त्याची समजूत. त्याने परस्पर ठरवलं की प्रेत गावी न्यायचंच नाही. वहिनीला कळलं तर ती जागेवर जाईल, एका घरातून दोन तिरड्या कशाला. वडशालाच आणू, वैनगंगेवर सगळं करू, पोरीला तेवढी बोलावून घ्या. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आम्ही जुने देव सोडले, जुनी कर्मकांडं सोडली, त्याचा मला अभिमानच आहे. पण चार पुरुषांनी एकत्र बसून बाईच्या वतीने ठरवून टाकायचं, ते काही सोडलं नाही.

मीही मान डोलावली, हे आधी सांगते, म्हणजे पुढे मी दुसऱ्यांना नावं ठेवीन तेव्हा कोणी मला तोंड वर करून विचारायला नको. मायला काय सांगून निघायचं, हे मीच शोधून काढलं. म्हटलं, दोरा संपलाय, वडशाला जाऊन रिळं आणते. शेजारणीला तिच्याजवळ बसवलं आणि छोटी गाडी, म्हणजे नॅरोगेजची आगगाडी, पकडली.

वडशाला भावाचं तोंड पाहिलं. तीच तपकिरी पँट त्याच्या अंगावर असेल असं मला वाटत होतं. नव्हती. आजारपणात घातलेला पायजमा होता, वरून पांढरं कापड. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील घेतलं, काकाने अग्नी दिला. परतीच्या गाडीला दीड तास होता आणि मी हात हलवत घरी गेले असते तर मायने विचारलं असतं, दोरा कुठे आहे? म्हणून नदीवरून मी थेट बाजारात गेले आणि चार रिळं घेतली, दोन पांढरी, एक काळं, एक हिरवं. दुकानदाराने विचारलं, हिरवा पोपटी देऊ का गडद? मी उभी राहून दोन्ही रंग उजेडात धरून पाहिले. ही लाज मला आजही पुरते. घरी आल्यावर मायने रीळ हातात घेतलं, दोरा ओढून पाहिला आणि म्हणाली, चांगला आहे, पक्का आहे.

मग सुरू झाला भेटायला येणाऱ्यांचा तमाशा. सांत्वनाला यायचं पण सांत्वन करायचं नाही, असा हा नवाच प्रकार होता. बाया फाटकापाशी पदर तोंडात कोंबून रडून घेत, नाक पुसत, आणि आत येऊन मायला विचारत की यंदा पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा फार आल्यात नाही. पुरुष बाहेरच उभे राहून माझ्याकडे बघून माना हलवत आणि तंबाखू मळत. मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस होते, गावोगाव नाटकं लागलेली. दिवसा आमच्याकडे दुःख करून संध्याकाळी नाटकाला जायचं, अशी काही जणांनी सोय लावून घेतली होती. काकाही त्यातलाच. मायजवळ पाच मिनिटं बसला, पोरगा कसा आहे म्हणून तिनेच विचारलं, तर म्हणाला, मजेत आहे वहिनी. मग घड्याळ बघत उठला.

सगळ्यांत कडेलोट केला सिंदेवाहीच्या आत्याने. ही काकाची मोठी बहीण. तंबाखूची गुडाखू घासण्यात जन्म घालवलेली, वरणात भात घोटून घोटून गिळणारी. दारातून आत आली, मायला बघितलं आणि तिचा बांध फुटला. खाटेशी बसून भोकाड पसरलं. माय म्हणाली, काय झालं हो, रडता काऊन? आत्याने एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि गालावर हात धरून म्हणाली, “दाढ ठणकून राह्यली वं.”

मायने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग मला म्हणाली, हिला लवंग दे. मी डब्यातून लवंग काढून दिली. आत्या ती गालात धरून अर्धा तास हुंदके देत बसली. जाताना अंगणात मला म्हणते कशी, कशी निभावली मी वेळ! मला वाटलं तिचं नरडं धरावं. पण मनातल्या मनात मी तिच्या हजरजबाबीपणाची दादही दिली. त्या गोंधळात आणखी काही माझ्या ध्यानात आलं नाही.

माझं स्वतःचं नाटक आणखी मोठं होतं. भाऊ दर पंधरा दिवसांनी पत्र पाठवायचा आणि मी ते वाचून दाखवायचे. आता पत्र मीच लिहायचे आणि मीच वाचायचे. आधी नुसताच कोरा कागद धरून बोलायचे. पण कागद खरखरतो तो शाईचा की कोरा, हे मायच्या कानाला कळेल अशी मला भीती वाटायला लागली, म्हणून खरंच लिहायला लागले. तो का येत नाही याची कारणं शोधता शोधता दमले. त्याला मी निवडणुकीच्या कामावर पाठवलं, कुटुंबनियोजनाच्या केसेस आणायला लावल्या, गुरं मोजायला बसवलं. सरकारने मास्तरांना जेवढी कामं सांगितली नसतील तेवढी मी एकटीने त्याला सांगितली. तब्येत मात्र त्याची ठणठणीत ठेवली. गोंडाच्या पोरांनी त्याच्यासाठी मोहाची वाळवलेली फुलं आणली, एक पोर सातपर्यंतचे पाढे म्हणते, असलं काय काय लिहायचे. माय ऐकून झालं की म्हणायची, पुन्हा वाच. मग उत्तर सांगायची, मी लिहायचे आणि मशीनच्या खणात टाकायचे. हे ऐकायला गोड वाटेल कोणाला. गोड काही नव्हतं. पत्र वाचून झालं की मी तिच्या पाठीच्या जखमा धुवायचे आणि मनात तिच्यावरच चिडायचे की हिला एवढं सगळं जाणवतं, मग हे कसं जाणवत नाही.

दिवाळीनंतर भावाची लोखंडी पेटी आली. शाळेचा शिपाई वडशाला काकाकडे ठेवून गेला आणि काकाने ती आमच्या घरी न आणता विहाराच्या मागच्या खोलीत आणून ठेवली. मला बोलावलं. पेटीत पुस्तकं होती, कंदिलाची एक काच होती, पांढरा शर्ट, लुंगी, चौकडीचा टॉवेल, दोन जुने सदरे आणि त्या दोन पँटी. घडी मोडलेली नव्हती. दीक्षाभूमीसाठी राखून ठेवल्या होत्या त्याने.

काकाने एक पँट उचलून झटकली, कमरेला धरून पाहिली. म्हणाला, जुनं ते नदीला सोडून देऊ, या दोन आपल्या लहान्याला होतील, त्याला बँकेचा कॉल आलाय, चांगल्या कापडाच्या आहेत, वाया कशाला घालवायच्या. लहाना म्हणजे त्याचा मुलगा. त्याला माझ्या भावापेक्षा कंबरेत चार बोटं जास्त होती, पण ते जाऊ द्या.

मी घरी गेले, मशीनवरची मोठी कात्री घेतली आणि परत आले. काकाच्या हातातून पँट घेतली आणि त्याच्यासमोर बैठकीपासून खालपर्यंत कापली. मग दुसरी कापली. एकेका पायाचे दोन-दोन तुकडे केले. तो म्हणाला, पोरीचं डोकं फिरलं. मी म्हटलं, आता घाला म्हणा लहान्याला. माझ्या आयुष्यात मला इतकं बरं क्वचितच वाटलं असेल.

पण कापून झाल्यावर त्या तुकड्यांचं करायचं काय? पेटीत ठेवले तर गंजाचे डाग. मायच्या अंगाखाली तर मी ते घालणार नव्हते. सरळ होतं, आमच्या घरात तुकड्यांचं जे होतं तेच यांचंही होणार होतं. मी ते त्याच्या शर्ट-टॉवेलात चुंबळीसारखे गुंडाळून घरी आणले आणि मायला सांगितलं की मोठी ऑर्डर आली आहे, वाकळ शिवायची आहे, मला शिकव.

ती खूष झाली. मी तिच्या खाटेशी बसून शिवायचे आणि ती वर बघत शिकवायची. कोपऱ्यातून सुरू कर, कडेकडेने फिरत मधात ये. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. खालचा थर लुगड्याचा. आणि हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं:

“कोरं कापड वाकळीत घालू नोको. टाका धरत नाई अन् ऊबबी देत नाई. आधी ते कोनाच्या अंगावर झिजलं पायजे.”

मी हो म्हटलं आणि कोरी पँट टाचत राहिले. ती कापड बघायला मागायची तेव्हा तिच्या हातात बापाचं जुनं धोतर द्यायचे, नाहीतर तिचंच लुगडं. काम चाललं होतं ते माझ्या मांडीवर, तिच्या हातापासून वीतभर लांब.

चित्र काढायचं असं माझ्या मनात काही नव्हतं. पँटीचे तुकडे लांब होते, उभे लावले तर ती झाडं झाली. राखाडी आणि तपकिरी, एकाला एक लागून, सागाच्या रोपवनासारखी. शर्टाची पाठ पांढरी, ती मधात लावली, ती शाळा झाली. लुगड्याचा हिरवा काठ खाली आला, त्याच्या बांध्या झाल्या. टॉवेलच्या चौकडी कापून छोट्या गाडीचे डबे केले, कारण त्याला गाडी आवडायची आणि त्याच्या गावाला गाडी जात नव्हती. शर्टाचा खिसा उसवायला घेतला आणि हात धजेना. तसाच ठेवला, गुंडीसकट, शाळेच्या भिंतीवर. वाटलं, दारासारखा दिसतो. दीड महिना मी हे शिवलं. तेवढे दिवस मला कोणाचं तोंड बघावंसं वाटलं नाही, आणि मायचं करताना मी तिच्यावर एकदाही ओरडले नाही.

तेवढ्यात साहेबाची बायको उगवली. साहेब जंगल खात्यातला, राहायचे चंद्रपूरला, आणि ही बाई ग्रामीण महिलांसाठी काहीतरी करत असे. म्हणजे जीपमधून यायची, चहा प्यायची, बायांना एकत्र बसवून म्हणायची, तुमच्या हातात कला आहे. माझ्या दारात आली, दोरीवर वाळत घातलेली वाकळ बघितली आणि किंचाळलीच. पेंटिंग आहे हे, पेंटिंग! पुढच्या महिन्यात चंद्रपूरला प्रदर्शन आहे, मी घेऊन जाते. मी नाही म्हणत होते. आतून माय म्हणाली, “ऑर्डर त्याच बाईची हाये ना? मंग देऊन टाक ना.” माझ्याच खोट्यात माझा पाय अडकला. दिली.

प्रदर्शनाला मी गेले. चांदा फोर्ट स्टेशनला उतरून चालत. हॉलमध्ये वाकळ भिंतीवर टांगली होती, वर बल्ब सोडला होता. खाली पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘झाडीपट्टीची पारंपरिक कला’. आमच्या कोणत्या परंपरेत वाकळ खिळ्याला टांगतात ते त्या पुठ्ठ्यालाच माहीत. ज्याच्याखाली माणसाने झोपायचं ते हात मागे बांधून बघत बाया उभ्या होत्या. एक म्हणाली, रंगसंगती फार संयत आहे. दुसरीने खिशाची गुंडी सोडली, आत दोन बोटं घातली, काहीच नाही म्हणून हसली आणि म्हणाली, ही खिशाची आयडिया किती गोड. साहेबाच्या बायकोने मला पुढे ओढून सांगितलं, याच त्या. मग सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. मी खुर्ची ओढली, वर चढले, खिळ्यांवरून वाकळ काढली आणि काखोटीला मारली. साहेबाची बायको म्हणत राहिली, अहो, अजून दोन दिवस आहेत, एक बाई विकत घ्यायला तयार आहे. मी म्हटलं, तिला म्हणावं आधी घरातलं कोणी मरू द्या, मग स्वतःच शिवा. हे मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि त्याचा पश्चात्ताप मला झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी फार होती. मायला ऊन पाण्याने पुसून मी कोरडं घातलं तरी तिची हनुवटी थडथडत होती. घरातल्या बाकीच्या वाकळी धुऊन ओल्या पडलेल्या. ती म्हणाली, ती ऑर्डरची परत आणली ना, टाक अंगावर. मी म्हटलं, ती मळेल. ती म्हणाली, आण.

मी आणली. उलटी टाकली, लुगड्याची बाजू वर येईल अशी. तिने ती दोन्ही हातांनी ओढून सुलटी करून घेतली, शिवणारी बाई पहिल्यांदा करील तेच. मग तिची बोटं फिरायला लागली. कडेपासून, फेऱ्याफेऱ्याने, मी शिवलं होतं त्याच वाटेने. मी उभी होते. तिचा हात झाडांवर आला. थांबला. चिमटीत धरून तिने कापड चोळलं, दुसरं झाड चोळलं, तिसरं चोळलं.

“हे झिजलं नाई,” ती म्हणाली.

मी म्हटलं, बाईंनी कापड दिलं होतं, साहेबाघरचं, नवंच. तिचा हात शाळेवर गेला आणि खिशावर थबकला. तिने गुंडी बोटांत फिरवली, खालच्या गाठी मोजल्या. तीन होत्या.

“अन् हे गुंडीबी त्या बाईनंच लावली का?”

मी खाटेच्या काठावर बसले. डॉक्टर आठवला, काका आठवला, तिची छाती आठवली. आता ही जाते, असं वाटून मी तिचं मनगट धरलं. तिने ते सोडवून घेतलं.

“जित्या मानसाची नवी पँट कोनी कापते का? कवा गेला, सांग.”

मी सांगितलं, दसऱ्यानंतर, पाचव्या दिवशी. ती म्हणाली, “म्हंजे तुह्या आत्याची दाढ दुखली त्याच्या आधी.” आणि मला काही कळेना म्हणून तिनेच पुढे सांगितलं, “तिले दाढा कुठी हायेत? साऱ्या माह्यासमोर पडल्या. दाढ नसलेली बाई दाढ धरून रडते, मंग काय मेलं असन घरात, मांजर?”

तीन महिने. तीन महिने तिला माहीत होतं. मी पत्रं लिहीत होते, शाई सुकवत होते, त्याला गुरं मोजायला पाठवत होते, आणि ती पडल्या पडल्या ऐकत होती. एवढा मोठा वस्तीचा कट, म्हाताऱ्यांच्या माना, काकाचा टेलिफोन, सगळं एका आंधळ्या बाईने आत्याच्या दाढेवरूनच ओळखलं होतं. मला इतका संताप आला की मी तिच्यावरच ओरडले. माहीत होतं तर बोलली का नाहीस? मला कशाला नाचवलंस?

“बोलली असती तं तू पत्र वाचनं बंद केलं असतं,” माय म्हणाली. “मंग घरात त्याचं नाव कोन घेतलं असतं?”

तिने सगळं विचारून घेतलं. तोंड कसं होतं, दाढी वाढली होती का, अंगात काय होतं, अग्नी कोणी दिला, पँटी का कापल्या. मी लपवलं नाही. शेवटी विचारलं, तू रडली का? मी म्हटलं, वेळ नव्हता, रिळं घ्यायची होती.

“मंग आता रड. मी काई कुठी जाऊन नाई राह्यली.”

तिने वाकळीचा काठ उचलला. मी आत शिरले, पस्तिशीची बाई, आईच्या कुशीत, आणि रडले. तीही रडली. तिला काही झालं नाही. ना छाती बंद पडली, ना धक्क्याने गेली. त्यानंतर ती आणखी दोन वर्षं जगली. माझ्या मायचं रडणं तीन महिने अडवून धरायचा हक्क कोणालाच नव्हता, मलाही नव्हता, आणि डॉक्टरच्या एका वाक्याआड लपून आम्ही सगळ्यांनी तो घेतला. ते मी कोणाला माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही.

माझ्याकडून तिने एक वचन घेतलं, की तिला कळलंय हे वस्तीत कोणाला सांगायचं नाही. म्हणाली, बिचाऱ्यांनी लय मेहनत घेतली आहे. पुढच्या आठवड्यात आत्या आली तर मायने खाटेवरूनच मला आवाज दिला, हिची दाढ बरी झाली का विचार, नाहीतर लवंग दे. आत्याने निमूटपणे लवंग घेतली. वाकळ मायच्या अंगावर होती आणि आत्या त्या झाडांवर हात ठेवून म्हणाली, कापड भारी आहे हो.

ती गेल्यावर माय मला म्हणाली, कागद घे, उत्तर राहिलं आहे. मी म्हटलं, कशाचं उत्तर? म्हणाली, त्याच्या मागच्या पत्राचं. मी मशीनच्या खणातून कागद काढला, खाटेशी बसले. तिने वाकळ गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि नेहमीच्या आवाजात सांगायला लागली, मी लिहीत गेले. आम्ही बऱ्या आहोत. यंदा थंडी लय आहे. तुझी बाई वाकळ शिवायला शिकली, टाके अजून मोठेच पडतात, पण शिकेल.

मग तिचा हात झाडांवरून फिरला. मी विचारलं, आणखी काय?

“लिही,” माय म्हणाली, “तुह्या नव्या पँटी बाईनं कोनाले घालू नाई देल्या.”